सांताक्रूझला टाइमटेबल नको

अहो,

आपण प्रवासाहून येईपर्यंत तुळशीची कुंडी विशाखाकडे ठेवायला लोह्याला चाललेय. संध्याकाळच्या बसनं परत येते. खिचडी कुकरात आहे, क्लासहून आलात की गरम करून खा.

दगडोबा भावजी लोणच्याची बरणी ठेवून गेलेत. सांताक्रूझला उतरलो की त्यांच्या पोराला, शिवशंकरला द्यायची म्हणे. त्यांचं सांताक्रूझ मुंबईतलं, आपलं अमेरिकेतलं, हे आता तुम्हीच समजावा. मी लई सांगून पाहिलं.

तुमचं प्रवासाचं टाइमटेबल मृण्मयीला फोनवर वाचून दाखवलं. सकाळी समुद्र, दुपारी तिचं कॉलेज, मग जंगल, मधे चहाला दहा मिनिटं. पोरगी हसून बेजार झाली. म्हणाली, बाबांना सांग, ही बारावीची बॅच नाही. आधी नुसतं समुद्रावर बसायचं, धक्क्याखाली समुद्रसिंह भुंकतात ते ऐकायचं, बाकीचं मनाला येईल तसं.

अजून एक. तिकडं भूकंप होतो का, हे तुम्ही महिनाभर तिला आडून आडून विचारत राहिलात, ते तिला तेव्हाच कळलं होतं. तिचं घर लाकडाचं आहे. वर मातीचं माळवद नाही, स्लॅब नाही. तरी किल्लारीच्या भूकंपापासून तुम्ही छताखाली झोपत नाही, हे ती विसरली नाही. मागच्या अंगणात खाट टाकलीय म्हणाली. रात्री गार असतं तिथं, म्हणून वाकळा बॅगेत घातल्यात.

मी विचारलं, बाबांची एकटीच खाट का गं?

तर म्हणाली, तीन टाकल्यात, आई.

सिंधु