विसळलेला पंप

ता. ४ ऑगस्ट

भिंगरे,

वांग्यांचे सहा क्रेट परत पाठवलेस आणि सोबत कागदाचा कपटासुद्धा नाही! नातीने भाजीचं दुकान काढलं म्हणजे तोंड शिवून घ्यायचं असतं होय? आता घे आशीर्वाद.

एकेक वांगं मी हाताने निवडलं होतं. क्रेट बघून तुझा बाप जेवलाच नाही. दोन वर्षं झाली, आपण खत घालतो पण विष मारत नाही. सेंद्रियवाले युरिया खताचं पोतं बघून नाक मुरडतात, शेजारी अळ्या बघून हसतो. धड इकडचे नाही, धड तिकडचे नाही. पण फवारून आला की तुझा बाप ओकायचा, ते थांबलं. मला तेवढं पुरे.

काय बिनसलं ते लिही. लोभ आहेच, तो काय क्रेटासारखा परत येतोय?

आजी

ता. ९ ऑगस्ट

ती. आजीस सा. न.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहितेय. वांगी तपासायला दिली होती, त्यांत विषाचा अंश निघाला. 'खत वापरतो, विष नाही' ही दुकानावरची पाटी मीच रंगवली होती, मीच उतरवली. एक बाई बाळाला आपलीच भाजी भरवते. तिला काय सांगू?

बाबा शपथेवर नाही म्हणाले. मी म्हटलं, मग वांग्यांनीच विष मारून घेतलं का? त्यांनी फोन ठेवला. खरं तूच सांग. रागावलीस तरी लोभ असू दे.

भिंगरी

ता. १४ ऑगस्ट

बापाला खोटारडा म्हणायला जीभ कशी रेटली तुझी? आशीर्वाद उरला तर शेवटी देईन.

तो लसूण-मिरचीचा अर्कच मारत होता. फवारणीचा पंप मात्र मी शेजाऱ्याला दिला होता, तुझ्या बापाला न विचारता. शेजाऱ्याने त्यात विष भरलं आणि आणून ठेवला. काल खोदून विचारलं तर म्हणतो, दोनदा विसळला होता की! जसा काही चहाचा कप. पण वास मी घ्यायला हवा होता. नाक मलाही आहे.

बापाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, पोरीने चोर ठरवलंच आहे, तर उद्यापासून फवारतोच. दुपारी विषाची बाटली घेऊन आला. ती मी ट्रंकेत कोंडली, किल्ली कमरेला. पंप कुऱ्हाडीने फोडला.

पाटी पुन्हा लाव, पण खाली लिही की यंदाच्या वांग्यांत विष गेलं, चूक आजीची. त्या बाईला तिच्या घरी जाऊन सांग.

मला उत्तर नको. बापाला लिही, त्याच्याच नावाने. तोवर ट्रंकेवर मी बसलेय, आणि माझी कंबर आधीच धरलीये.