शेपटीवाली गोळी

प्रिय अण्णा,

काल राज्य नेमबाजी स्पर्धेत तीनशे मीटरला तुमची लेक पहिली आली! फोन झाले, जालन्याच्या ऑफिसात पेढे वाटून झाले, तरी तुम्हाला सांगितल्याशिवाय जिंकल्यासारखं वाटेना.

रायफलीच्या त्या लांब, मागे निमुळत्या होत जाणाऱ्या गोळ्या मी पहिल्यांदा आणल्या, तेव्हा केवढे चिडलात! अर्धं आयुष्य फौजेत गेलेला माणूस तुम्ही. "गोळी ती गोळी. नेम श्वासात असतो. हा फालतू खर्चा कशाला करून राह्यली?"

"मंग गोफणीला गोटा निवडून का घेता?" मी विचारलं. "रविवारी मैदानावरच बघू," तुम्ही म्हणालात.

त्या रविवारी सरावाला आडवा वारा होता. तुमच्या आखूड, सपाट बुडाच्या गोळ्या वाऱ्याने पार उजवीकडे नेल्या. माझ्या मधल्या काळ्या वर्तुळातच. तुम्ही दुर्बिणीतून बघत राहिलात आणि म्हणालात, "आण बरं इकडं ती शेपटीवाली!"

दुसऱ्या दिवशी भोकरदनच्या बाजारात तुमचं व्याख्यान! एका हातात ढोबळी मिरची, दुसऱ्यात लांब हिरवी. "ढोबळी हवेला थोबाडावर घेते, जल्दी दमते. ही बघा, हवा कापत चालली. वेग टिकला की वाऱ्याला ढकलायला टाइमच न्हाई मिळत."

"फौजी, मिरची घ्यायची का न्हाई?" भाजीवाला वैतागला. किती हसलो आपण!

पुढचं मात्र तुम्हीच शिकवलंत. गोळी लांब, तर नळीच्या आतल्या खाचांचा पीळही घट्ट हवा, नाहीतर पुरेशी फिरकी मिळत नाही आणि ती डुलते. म्हणून तर आपण नळी बदलली.

बंदुकीच्या गोळीबद्दल माझं ऐकलंत, अण्णा. बीपीच्या गोळीबद्दल का नाही? रोज आपलं "घेतली की!" खरं काय ते तुम्ही गेल्यावर भरलेल्या डबीनं सांगितलं.

काल शेवटच्या फेरीत तसाच वारा सुटला. बाजूच्या स्पर्धक मुलीच्या हलक्या गोळ्या भरकटू लागल्या. माझ्याही थोड्या सरकल्याच. हात थांबवला. वारा दाखवणारी झेंडी खाली येईपर्यंत वाट बघितली, श्वास सोडला, चाप ओढला. बराबर मध्यात! गोळी माझी होती, पण ते थांबणं तुमचं होतं.

आणि गंमत ऐका. आई पहिल्यांदाच मैदानावर आल्ती, कानात कापूस कोंबून. परतताना गाडीत हळूच म्हणाली, "मला बी एकदा तुझ्यासारखी झोपून गोळी मारून बघायचीय."

शिकवते तिला, येत्या रविवारपासूनच. आणि तिचा नेम तुमच्यापेक्षा सरस निघाला, तर तुमची जराही भीड न ठेवता अख्ख्या भोकरदनला सांगीन. शब्द देते!

तुमचीच,
वैशू