हातगाडी, भोंगा आणि माझ्या आवाजाची वाटणी

आधी तक्रार लिहिते, शेवटी लिहिली तर वाचणारे तिथवर पोचत नाहीत. माझ्या मुलानं, खुशालनं, मोबाईलमधल्या एका अ‍ॅपला सांगितलं की आमच्या हातगाडीच्या भोंग्यातली खरखर काढ. त्या अ‍ॅपनं माझा आवाज काढून टाकला आन् चाकाची कुईकुई ठेवली. मी जिवंत असताना. हे झालं. आता सर्वांना नमस्कार.

मी मनकर्णाबाई, कै. दामाजी शेंडे यांची बायको, धंदा भाजीपाला, राहणार मावला, जिल्हा आदिलाबाद, शिक्षण तिसरी (बसले, पास झाले नाही), ही वसीयत माझ्या हातानं लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. तराजू धरला तर आजही काटा हलत नाही. कोणी धमकी दिली नाही. मला धमकी देईल असं या घरात कोणी जन्मलं नाही. याआधी मी काही लिहून ठेवलेलं नाही, कोणी कागद दाखवला तर तो खोटा समजावा.

कलम एक. मावल्याचं दोन खोल्यांचं घर खुशालला. पत्रे गळतात. पावसात तो पत्र्याचा आवाज मोबाईलमध्ये भरत बसतो, पण खाली बादली ठेवत नाही. आता घर त्याचं, पाणीही त्याचं.

कलम दोन. विहीर, आणि विहिरीवरचे वांगी, टमाटे, मेथीचे वाफे माझ्या सुनेला, सुनयनाला. खुरपं तिच्या हातात असतं. खुशालच्या हातात काय असतं ते वर लिहिलं आहे.

कलम तीन. माझी सोन्याची गाठी सुनयनाला. माझ्या जावेनं मागितली तर तिला माझी चप्पल द्यावी. तिला कारण माहीत आहे.

कलम चार. हातगाडी. हे कलम लांब आहे, पाणी पिऊन वाचा.

गाडीवर पहिले एक लाल भोंगा होता. त्यात माझा आवाज भरलेला: “वांगी, वंकाया, टमाटे, मेथी!” वंकाया म्हणजे वांगीच, तेलुगू गिऱ्हाइकासाठी. खुशालनं तो आवाज कॉलनीत फिरता फिरताच कार्डात भरला होता. तो एकच तुकडा दिवसभर फिरून फिरून वाजायचा. डब्यात कोंबडी कोंडल्यासारखा यायचा, पण लोक यायचे. मग खुशाल म्हणाला, “आई, डिटेल नाही येऊन राह्यली.”

“काऊन, वांगी दिसत नाहीत का लोकांना?”

“वांग्याची नाही, आवाजाची.”

मग त्यानं काडेपेटीएवढी डबी आणली. डॅक म्हणतात. कार्डातल्या आकड्यांचा म्हणे ती चांगला आवाज करते. “स्वस्तात मस्त आहे, आई.” डबी ठेवायला मेथीची टोपली उतरवली. मग डबीच्या तोलाचा अ‍ॅम्प्लिफायर पाहिजे, टमाटे उतरले. मग त्याच्या तोलाचा लाकडी पेटीतला स्पीकर, ताडपत्री उतरली. मग जाड वायर, कारण बारीक वायरीत म्हणे आवाज दमतो. गाडी लोटून सुनयना दमायची, त्यासाठी कोणती वायर मिळते ते त्यानं सांगितलं नाही. शेवटी गाडीवर वांगी आणि लिंबं उरली. लिंबं स्पीकरवर ठेवली का उड्या मारायची.

आवाज मात्र साफ झाला. इतका साफ, की मी हाक मारून झाल्यावर तोंडातल्या तोंडात जे बोलते तेही ऐकू यायला लागलं. लाल भोंग्यात ती नुसती खरखर होती. आता सगळ्या कॉलनीनं ऐकलं: “वांगी, वंकाया, टमाटे, मेथी! आले पटवारी. कोथिंबीर अशी मागतात, जसा मळा पहाणीच्या कागदात यांच्याच नावावर चढला आहे. वांगी, वंकाया! आली मास्तरीण. टमाटा दाबते, जसा डॉक्टर पोट दाबते, आन् घेते दुधी.”

अमृतराव, म्हणजे रिटायर पटवारी, बनियनवर बाहेर आले. “मनकर्णाबाई, हे काय ऐकून राह्यलो मी?”

“भाजीची हाक.”

“माझं आलं त्यात.”

“मंग बाहेर येऊ नका, नाही येणार.”

ते तिथंच उभे राहिले, पुन्हा आपली पाळी येईपर्यंत ऐकलं, आणि पहिल्यांदा नुसती वांगी घेऊन गेले, कोथिंबीर न मागता. वनमाला मास्तरीण आतूनच ओरडल्या, “आवाज कमी करा!” दुसऱ्या दिवशी बाया खुर्च्या टाकून बसल्या. ज्यांचं काही निघालं नाही त्या जास्त चिडल्या. “आमी काय भाजी घेत नाही का?”

खुशालला लाज वाटली, म्हणून ती खरखर, म्हणजे माझं पुटपुटणं, काढायला ते अ‍ॅप. नवीन भोंग्यातून नुसती कुईकुई निघाली, पण काय कुईकुई! चाकाचा एकेक खिळा मोजून घ्यावा. आणि कॉलनीतल्या झाडून साऱ्या बाया पिशव्या घेऊन बाहेर आल्या. आवाज कुठं गेला, एकीनं विचारलं नाही. म्हणजे इतकी वर्षं मी नरडं फाडलं आणि लोक चाक ओळखत होते. वाईट वाटलं नाही. राग आला. ते वेगळं.

त्या दिवशी खुशाल म्हणाला, “आई, गाडी माझ्या नावानं कर. आता फक्त बेस कमी आहे. एक मोठा डब्बा टाकला का झालं.”

“आन् वांगी?”

“सुनयना डोक्यावर घेईल ना.”

सुनयनानं गाडीचा दांडा सोडला. म्हणाली, “आत्याबाई, मी बेल्लमपल्लीला भावाकडं जातो. तुमी डब्बा लोटा.” गाडी उतारानं नालीपर्यंत गेली. खुशाल डोळे मिटून चाक ऐकत होता. ती पिशवी भरायला घरात गेली, तिच्यामागं मी गेले, आणि हा कागद घेऊन बसले. सून गेली तर विहीर, वाफे, गाडी, सगळं एका पावसाळ्यात संपते. खुशाल उरतो, तो खाता येत नाही.

म्हणून: हातगाडी, तराजू आणि कॉलनीचा फेरा पूर्ण सुनयनाचा. खुशालचा तिळाएवढा हक्क नाही. डबी, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, वायर खुशालनं काढून आपल्या घरात न्यावं आणि दार लावून ऐकावं. चाकाला तेल घालू नये. ही अट कडक आहे. गिऱ्हाईक त्यावर येते.

कलम पाच. माझ्या आवाजाचं जुनं कार्ड सुनयनाकडं राहील. दहाव्याला लावू नये. कावळ्याला यायचं तर तो येईल, त्याला हाक मारायची गरज नाही.

गवाह म्हणून ज्यांची बदनामी झाली त्यांनाच घेतलं, म्हणजे माझ्या बाजूचे म्हणायची सोय नाही. अमृतराव वाचून म्हणाले, “ते कोथिंबिरीचं खोडा, मग सही करतो.”

“खोटं आहे का?”

“खोटं नाही.”

“मग करा.”

ठिकाण: मावला. तारीख: १६ फेब्रुवारी २०२५.

सही: मनकर्णाबाई दामाजी शेंडे (अंगठाही देते, सहीवर माझा भरोसा नाही)

गवाह: १) अमृतराव, रिटायर पटवारी. २) वनमाला, शिक्षिका. यांनी सही करण्याआधी पेनही दाबून पाहिला.

सह्या झाल्यावर सुचलं, तरी धरावं. आमच्या धंद्यात जो भाव सांगतो तो मालक. आजवर गाडी सुनयनानं लोटली आणि भाव मी सांगितला, नाहीतर खुशालनं. सुनयनानं पिशवी अजून खाली ठेवली नाही, म्हणून हे मी मरायची वाट न पाहता उद्या सकाळपासून लागू. कोणी मराठीत “कशी देली?” विचारो का तेलुगूत “एंता?” विचारो, मी गाडीजवळ बसलेली असो नसो, खुशालनं तोंड उघडू नये, मीही उघडणार नाही. उत्तर सुनयनानं द्यावं.