पाटीचा एक कोपरा

बाबा,

धाकट्याची पेटी काल मोटारीच्या टपावरून आली. आत दोन सदरे, स्टोव्ह, तुमचा फोटो आणि भोकं पाडलेल्या जाड कार्डांचे दोन गठ्ठे. मूर्तिजापुराहून छोट्या आगगाडीचं भाडं, मोटारीचं आणि हमाली धरून साडेचार रुपये पडले. मुंबईतली खोली त्यानं सोडली. महिनाअखेरीस इस्पितळात भरती होतो आहे. एका बाजूचं फुफ्फुस काढणार आहेत.

तुम्ही गेलात तेव्हा गणितं करणारी यंत्रं आपल्याकडे कोणी ऐकलीही नव्हती. धाकटा दोन वर्षं तसल्या एका यंत्राला धरणाच्या भिंतीचं गणित शिकवत होता, यंत्राच्याच भाषेत. हा आकडा उचल, त्या खणात ठेव, तिथला त्यात मिळव, असा एकेक हुकूम. मागच्या दिवाळीत माझ्या चुलीपाशी बसून, खोकत खोकत सांगत होता, "ताई, यंत्रात खण लय कमी. म्हणून एकाच खणात आधी मीठ ठेवतो, ते सरलं का त्यातच साखर."

"अन् वरतं चिठ्ठी?"

"चिठ्ठीले जागा कोठं हाय? ध्यानात ठेवतो."

"मंग दुसऱ्यानं हात घातला त चहात मीठच पडन!"

"माह्या सैपाकघरात दुसरी येते कोण? तूच त माहं लगन जमवून नाही राह्यली."

सगळे हसलो.

आता दुसऱ्याला हात घालावाच लागणार. कचेरीत नवी भाषा आली आहे. तीत जवळपास बीजगणितासारखं लिहायचं, यंत्र ते आपल्या भाषेत आपणच उलटवून घेतं. जागा जास्त खाते, वेळही जास्त लावते, पण शिकलेला कोणीही वाचू शकतो. धाकट्याचं त्या कार्डांवरचं जुनं लिखाण कोणालाच उमगत नाही. एका खणाला हात लावला की चार ठिकाणी बिघडतं. साहेब म्हणतात, कचेरीतल्या सोबत्याला खाटेशी बसवून सगळं नव्या भाषेत उतरवून दे, नाहीतर ते काम गेलं. डॉक्टर म्हणतात, बोलायचंसुद्धा नाही. धाकट्यानं लिहिलंय, "बाबा नाहीत. तू सांगशील तसं करतो."

मला ओसरी दिसते. तो सहा-सात वर्षांचा, पाटी मांडीवर, आणि तुम्ही म्हणता आहात, "सारी पाटी कायले भरवतं? एका कोपऱ्यात कर. पुसत जाय, लिहत जाय." लेखण पुरावी म्हणून. शाळा तपासायला साहेब आले तेव्हा त्याचं उत्तर बरोबर निघालं. पण कसं काढलंस विचारलं तर दाखवायला काही नाही. नक्कल केली म्हणून उभा केला. घरी येताना तुम्ही त्याचा हात धरून म्हणालात, "उत्तर बरोबर हाये ना? मंग झालं." त्याला ते पुरलं. तो तसाच मोठा झाला. तुम्हाला दोष देत नाही, बाबा. लेखणीचा खर्चही तेव्हा जड जात होता.

काम वाया गेलं तर तो बरा होऊनही कसा राहील? आणि बोलत बसला तर खाटेवरून उठेल का? धरणाच्या भिंतीखाली गावं असतील, लेकरं असतील, म्हणून हो लिहावं, हे कळतं. पण आज देवळात चिंतामणीपुढे बसले तेव्हा गावं आठवली नाहीत. फक्त त्याचा श्वास मागितला.

हो लिहू की नको लिहू, तेवढं उलट टपाली कळवा. पाकिटावर तुमचं नाव घातलं आहे. त्याखाली काय घालावं, ते सुचत नाही.