तळहातामागचं भूत

प्रिय दादा,

फोन दिला की तू ‘नंतर’ म्हणतोस, म्हणून पत्र. सूनबाई, मोठ्याने वाच हं. मध्येच हसू आलं तर खुशाल हस, पण एकही ओळ गाळू नकोस.

काल दुपारी टीव्हीवर आपला तो विहिरीतल्या बाईचा सिनेमा लागला होता. आपला म्हणायचं, पण मी तो पाहिला कुठे? लहानपणी तुझ्याबरोबर थिएटरात होते एवढंच. बाई वर यायला लागली की तुझा तळहात माझ्या डोळ्यांवर. सायकलच्या दुकानातून तू तसाच यायचास, त्यामुळे माझ्या लेखी भुताला आजही वंगणाचा वास येतो. आणि कानात तुझं सुरू, आता तिने काठावर हात ठेवला, बोटं मोजू नकोस, संपायची नाहीत. आता केस आले. केसांच्या टोकांना थेंब नाहीत गं, डोळे आहेत, आणि सगळे आपल्याच रांगेकडे बघतायत. बघू का विचारलं की म्हणायचास, नको, तुला झेपणार नाही. मग कितीतरी दिवस मी नळावर एकटी जायची नाही, आणि तू भित्री भागूबाई म्हणून चिडवत का होईना, सोबत यायचास.

तर काल मी मन घट्ट करून बसले. म्हटलं, आता तरी बघूच. आणि विहिरीतून काय आलं सांगू? चांगली खात्यापित्या घरची बाई, अंगावर चादर गुंडाळलेली! जन्मभर लोकांचे कपडे शिवले मी, मला आधी तिची शिवणच दिसली. पलंगावरची चादर, तीही उलटी पांघरलेली. वटवाघूळ दोऱ्याला, दोरा काठीला, आणि काठी धरणाऱ्याचं कोपर पडद्यावर. पहारेकऱ्याचा गळा दाबून जीव घेतला, तर तो मेल्यावर नाक खाजवतोय. मी पोट धरधरून हसले. हसता हसता शेजारच्या खुर्चीकडे वळले. तुला दाखवायला की ह्यांना, देव जाणे. खुर्चीवर इस्त्रीचे कपडे पडले होते. ते उचलून कपाटात ठेवले आणि पुन्हा येऊन बसले.

खरं सांगते, नंतर रागच आला. एवढी वर्षं जपलेलं माझं भूत, आणि चादर निघावी? केसांना डोळे नाहीत, बोटं मोजून दहा, आणि त्यातल्या एकात अंगठी. टीव्ही बंद केला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की ते डोळे सिनेमात कधी नव्हतेच. ते तू बनवलेस, तिथल्या तिथे, माझ्या कानात. तुला चादर दिसत होती, कोपर दिसत होतं, आणि तू अवाक्षर काढलं नाहीस. मी भिऊ नये म्हणून डोळे झाकतोस असं वाटायचं मला. माझा हिरमोड होऊ नये म्हणून झाकत होतास ना रे?

हे गेल्यापासून घर खायला उठतं. मुलगी फोन करते, पण तिलाही तिचा व्याप आहे. कधी कधी शिवायला काही नसलं तरी मशीन चालवते, घरात आवाज असावा म्हणून. एकटं वाटतं दादा, फार वाटतं. हे बोलायलाही समोर कुणी लागतं.

तुझा मुलगा सांगत होता, दृष्टी गेल्यापासून तू खोलीच्या बाहेर येत नाहीस. टीव्ही लावू का विचारलं तर म्हणतोस, मला काय उपयोग त्याचा. म्हणून लिहायला बसले. मला तुझ्याकडे राहायला यायचंय. दर शनिवारी दुपारी असलेच भिकार सिनेमे लागतात, आणि माझ्याने ते एकटीने बघवत नाहीत. तू नुसता बाजूला बस. ‘ये’ एवढंच सूनबाईला सांग, ती मला कळवेल. मी तुझ्या कानाशी बसेन आणि सगळं सांगेन. समोर चादर आली ना दादा, तरी मी चादर म्हणणार नाही.

तुझीच,
भित्री भागूबाई