एबोचं मनगट

९ मे, शनिवार
एबोची निवड झाली! आफ्रिकेच्या सतरा वर्षांखालच्या फुटबॉल चॅम्पियनशिपसाठी कॅम्पला बोलावलंय. सगळं अपाम गाव माझं अभिनंदन करतंय. बरोबरच आहे, पोराला पाय माझेच आलेत. एफुआ म्हणाली, तुमचे पाय आले असते तर घरी बसला असता. बायको असून असं बोलते. वीट आलाय.
अट अशी की जन्म २००९चा किंवा नंतरचा हवा. इथेच घोडं अडलं. पोरगं माझ्यापेक्षा वीतभर उंच, दाढी करतं. मी निळी होडी घेतली तेव्हा ते रांगत होतं, म्हणजे २००६. एफुआला विचारायची गरज नाही. बापाला माहीत असतं.

११ मे, सोमवार
निश्चय: पोराची चार वर्षं कमी करायची. हा खोटेपणा नाही, दुरुस्ती आहे. एफुआला पत्ता लागू द्यायचा नाही. तिला कळलं तर पाद्रीबाबांना घरी घेऊन येईल आणि तो माणूस जेवल्याशिवाय जात नाही.

१२ मे, मंगळवार
मंगळवार समुद्रदेवाचा, त्या दिवशी मासेमारीला समुद्रात कोणी जात नाही. होड्या किनाऱ्यावर, मला वेळच वेळ. टायपिस्ट सुलेमानाकडे जाऊन जन्मदाखला करून घेतला. त्याचं टेबल इतकं चिकट की कोपर निघेना. शी!
पण मी डोकं लढवलं. आमच्यात जन्मवारावरून नाव ठेवतात; एबो म्हणजे मंगळवारी जन्मलेला. तारखेचा वार नावाशी जुळायला हवा, दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं. आज मंगळवार, आज १२ मे. म्हणून जन्मतारीख १२ मे २०१०. चोख काम.

२० मे, बुधवार
नवीन थेर! मनगटाचा एमआरआय काढणार म्हणे. हाडं वय सांगतात. बाप सांगतोय ते पुरत नाही, हाडांना विचारणार. किळस आली या लोकांची.
उपाय सापडला. थंडीने वस्तू आक्रसते, म्हणजे हाडही आक्रसणार. एबो कॅम्पमधून दोन दिवस घरी आलाय तोवर मासळीबाजारातला बर्फ, रोज दोन तास. त्याने विचारलं, पापा, हे कशासाठी? म्हटलं, खेळाडूने प्रश्न विचारू नयेत. पोराच्या हाताला आता बांगड्याचा वास येतोय. एफुआ म्हणाली, ताटावर बसायचं तर दुसऱ्या हाताने जेव.

२९ मे, शुक्रवार
पास!!! रिपोर्टात लिहिलंय, मनगट सतराच्या आतलं. बर्फ! कोचना फोन करून पद्धत समजावून सांगायला लागलो, त्यांनी फोन ठेवला. कृतघ्न माणूस.

५ जून, शुक्रवार
अक्रा. कागदांची शेवटची तपासणी. एफुआ हट्टाने सोबत आली.
मिसेस आक्वा नावाच्या बाई. माझा दाखला त्यांनी टोकाला धरला, जसा काही मेलेला उंदीर. मोबाईलवर कॅलेंडर काढलं. म्हणाल्या, १२ मे २०१०ला बुधवार होता. बुधवारचं पोर म्हणजे क्वेकू. मग हा एबो कसा हो?
मी म्हटलं, मॅडम, वार दरवर्षी सरकतात. त्या म्हणाल्या, तेच तर म्हणतेय मी.
मग म्हटलं, जन्माच्या दिवशी मी समुद्रात होतो, इतकं नेमकं आठवत नाही. त्यावर एफुआ ताडकन म्हणाली, मंगळवारी? कोणत्या समुद्रात? झाडाखाली सोंगट्या खेळत होतात, मी दवाखान्यात ओरडत होते!
आणि तिने पर्समधून दवाखान्याचं कार्ड काढलं. साल २००९. पुढचं वाचणार तोच मिसेस आक्वांनी ओढून घेतलं.
दोन हजार नऊ! पोरगं खरोखरच सोळाचं!
मी म्हटलं, झालं की मग, बसतंय पोरगं, मारा शिक्का. त्या म्हणाल्या, पोर खरं, मनगट खरं, कागद खोटा. खोट्या कागदाला खेळाडूवर दोन वर्षं बंदी.
एबो बाहेर बाकावर बूट घालून बसला होता. आत काय झालं ते एफुआने सांगितलं. मी पाणी प्यायला गेलो. पाणीही कोमट होतं.

६ जून, शनिवार
चूक सुलेमानाची. टायपिस्टने कॅलेंडर बघायला नको? आणि एफुआची. सोळा वर्षं हे तिने मला सांगितलं नाही. ती म्हणते, सोळा वर्षांत विचारलंत कधी? उत्तर देण्याच्या लायकीचा प्रश्न नाही.

१६ जून, मंगळवार
आज चॅम्पियनशिपची पहिली मॅच. टीव्ही लावायला घरात कोणी तयार नाही.
निश्चय: पोराशी मोकळेपणाने बोलायचं.
न्याहारीला ओटो होता. कुस्करलेला सुरण, पामतेल, वर उकडलेली अंडी. म्हणजे घरात वाढदिवस. मी एफुआला शुभेच्छा दिल्या. म्हटलं, तू अजून चाळिशीची दिसत नाहीस.
एबो म्हणाला, पापा, माझा आहे.
अंडी दोनच होती. दोन्ही मी आधीच खाल्ली होती.