चौथा बोल्ट

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
लहान नौका नोंदणी कार्यालय

विषय : बोट बुडाल्याच्या चौकशी अहवालातील दोष माझ्या धाकट्या भावाऐवजी माझ्या नावे नोंदवण्याबाबत (तिसरा अर्ज).
संदर्भ : आपले पत्र क्र. ४१७, दि. १ ऑक्टोबर.

महोदय,

१. आमची बोट २१ ऑगस्टला बुडाली आणि तिच्यात एकटेच असलेले माझे वडील गेले. सुकाणूच्या खालच्या बिजागराच्या बोल्टांभोवतून मागच्या बंद कप्प्यात पाणी शिरले, हा आपला निष्कर्ष बरोबर आहे. परवानाधारकाने, म्हणजे माझ्या भावाने, सीलंट निष्काळजीपणे भरले, हे चूक आहे.

२. भावाने चारही बोल्ट त्याआधीच्या शनिवारी सीलंट लावून बसवले. रविवारी ते सुकल्यावर कप्प्यात पाणी भरून पाहिले. बाहेर थेंबही आला नाही. "ताई, आता बोल्टच्या डोक्यांना हात लावायचा नाही," असे त्याने मला बजावले होते. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवते. सुकलेले सीलंट बोल्टला चिकटलेले असते आणि डोके फिरवले की ते आतल्या आत फाटते, हे मला सुचायला हवे होते. सोमवारी सकाळी शाळेत जाताना मी खात्री म्हणून स्क्रूड्रायव्हरने तीन बोल्ट पाव पाव फेरा आवळले. ते आधीपेक्षा घट्ट लागले, म्हणून मला बरे वाटले. वडील शेजारी उभे होते. "अगं, बोट आहे ती, बरणी नाही," असे म्हणून हसले. पहिल्या तासाची वेळ झाल्याने चौथा बोल्ट राहिला. दुपारी बोट पाण्यात सोडली. मागचा कप्पा आमच्याकडे दर रविवारी उघडून पाहतात. बोट गुरुवारीच बुडाली.

३. माझा पहिला अर्ज आपल्या खिडकीवरच परत मिळाला. तेथील लिपिक म्हणाले, "बाई, इथे लोक दोष काढून घ्यायला येतात. लावून घ्यायचा फॉर्मच नाही आमच्याकडे." दुसऱ्या अर्जावर आपण कळवले की, हे नातेवाइकाने रद्द झालेला परवाना परत मिळवून देण्यासाठी केलेले निवेदन दिसते, सबब दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हजर करावेत. त्या सकाळी तेथे दोघेच होतो. एक मी. दुसऱ्यांना हजर करणे मला शक्य नाही.

४. म्हणून ५ ऑक्टोबरला, सुट्टीच्या दिवशी, मी पाण्यातून काढून आपल्या आवारात ठेवलेल्या आमच्या बोटीवर विनापरवानगी चाचणी केली. पहारेकऱ्यांनी मला आत सोडले ते दयेपोटी. त्यांना जबाबदार धरू नये. मागच्या कप्प्यात निळी शाई घातलेले पाणी भरले आणि बाहेरून प्रत्येक बोल्टभोवती खडूची कोरडी पूड लावली. पहिला बोल्ट चार मिनिटांत, दुसरा सहा मिनिटांत, तिसरा अकरा मिनिटांत निळा झाला. चौथ्याची पूड दोन तासांनंतरही पांढरी होती. पहिल्या तिन्हींच्या खाचा माझ्या स्क्रूड्रायव्हरने खरवडलेल्या आहेत. चौथ्याच्या खाचेत सीलंट तसेच आहे. भावाचे काम जसे होते तसे फक्त तेथे शिल्लक आहे.

५. भाऊ अहवालाची प्रत खिशात घेऊन फिरतो. वडिलांच्या खोलीकडे पाठ करून जेवतो. हातात पाना धरत नाही. मी त्याला सर्व सांगितले. तो म्हणाला, "ताई, शाळेत पोरांना काठावर पास करतेस, तसं मला करू नकोस." मी त्याच्यासाठी खोटे बोलते आहे असे आपल्याला वाटते, तसेच त्यालाही वाटते.

६. २० ऑक्टोबरला बोट तोडण्याची नोटीस लागली आहे. त्यापूर्वी हीच चाचणी आपल्यासमोर एकदा व्हावी. पाणी भावाने भरावे, पूडही त्यानेच लावावी. मी फाटकाबाहेर थांबेन. अहवाल बदलण्याची तरतूद नसेल तर तो राहू द्यावा आणि परवानाही रद्दच राहू द्यावा. मात्र बोट तोडण्याआधी त्याला चौथ्या बोल्टसमोर दोन तास बसू द्यावे, ही विनंती.

कळावे. दोष मान्य असलेली,

(सही)
परवानाधारकाची थोरली बहीण
दि. ९ ऑक्टोबर

सोबत :
१. चाचणीच्या वेळांची नोंद
२. चारही बोल्टांची छायाचित्रे
३. स्क्रूड्रायव्हर